गडावर जायला किती मोठा चाकू लागतो?

शुक्रवारची रात्र आणि शनिवारची पहाट या वेळेला स्वारगेटच्या एसटी स्टँडवर एक वेगळीच गर्दी असते. पाठीवर सॅक, डोक्याला रुमाल, पायात जाड तळव्याचे बूट. कुणी भोरची गाडी शोधतो, कुणी वेल्ह्याची, कुणी महाडची. वेल्ह्याला उतरलं की तोरणा समोर उभा. ज्यांना रात्रीच चालायचं असतं ते कात्रजची सिटी बस पकडतात आणि जुन्या बोगद्यापासून एकामागून एक टेकड्या ओलांडत उजाडताना सिंहगड गाठतात. या पोरापोरींच्या सॅकला अलीकडे एक वस्तू लटकलेली दिसते. म्यानातला चाकू. काळं पातं, पाठीला करवतीचे दात, मुठीच्या टोकाला होकायंत्र. बहुतेक वेळा ऑनलाइन मागवलेला. असा चाकू गडावर नेमका कशासाठी लागतो, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, 'जंगलात असलेला बरा.'

गंमत म्हणजे स्वारगेट या नावातच हत्यारबंद माणूस बसलेला आहे. फारसी 'सवार' आणि इंग्रजी 'गेट'. शहराच्या दक्षिण टोकाला घोडेस्वारांचा नाका होता म्हणून हे नाव पडलं, असं सांगितलं जातं. त्या काळी इथून पुढे कात्रजच्या घाटाकडे जाणारा माणूस कमरेला काहीतरी बांधल्याशिवाय निघत नसणार. आज त्याच वाटेवर ट्रॅफिक जाम आहे. तरी कमरेला पातं बांधायची हौस काही गेलेली नाही.

रानात जाणाऱ्या माणसाला खरोखर किती पातं लागतं, याचं सर्वांत जुनं उत्तर १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलं. ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाचं गोठलेलं प्रेत मिळालं. त्याला 'ओत्झी' असं नाव पडलं. त्याच्याजवळ तांब्याची कुऱ्हाड होती, धनुष्य होतं आणि गारगोटीच्या पात्याची एक छोटी कट्यार होती. मुठीसकट तिची लांबी साधारण तेरा सेंटीमीटर, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या सुरीपेक्षाही कमी. तो माणूस डोंगरातच जन्मला, डोंगरातच वाढला आणि डोंगरातच मारला गेला. त्याला एवढं पातं पुरत होतं. त्याच्या सामानात आणखी एक वस्तू सापडली, तिच्याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. लाकडी दांडीत बसवलेलं हरणाच्या शिंगाचं टोक. गारगोटीचं पातं बोथट झालं की त्याची कड पुन्हा तासून घेण्यासाठी. म्हणजे पाच हजार वर्षांपूर्वीचा हा गिर्यारोहक चाकू छोटा बाळगत होता, पण धार लावायचं साधन विसरत नव्हता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे यायचं आहे.

अमेरिकेत जंगलभटकंतीवरचं एक गाजलेलं पुस्तक आहे, 'वुडक्राफ्ट'. १८८४ साली ते आलं. लेखक जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स, टोपणनाव नेसमुक. अंगानं किरकोळ, प्रकृतीनं नाजूक, पण आयुष्य रानात घालवलेला हा माणूस. तो एक छोटी कुऱ्हाड, एक पातळ पात्याचा लहान चाकू आणि एक खिशातला चाकू एवढंच घेऊन निघायचा. त्या काळी मिरवले जाणारे लांबलचक, जड चाकू त्याला निरुपयोगी वाटत. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९८२ मध्ये, 'फर्स्ट ब्लड' हा सिनेमा आला आणि सगळं उलटं झालं. रॅम्बोच्या हातातला तो नऊ इंची, दात असलेला, पोकळ मुठीचा चाकू जगभरच्या पोरांच्या डोक्यात बसला. स्वारगेटवर आज जे लटकताना दिसतं ते त्याच चाकूचं नातवंड आहे.

पण खऱ्या आणीबाणीच्या गोष्टी बघा. १९८५ मध्ये पेरू देशातल्या सिउला ग्रांदे शिखरावरून उतरताना सायमन येट्सनं आपल्या जोडीदाराचा दोर कापला. जोडीदार जो सिम्पसन खाली अधांतरी लटकत होता आणि येट्स हळूहळू कड्याकडे खेचला जात होता. (सिम्पसन पुढे वाचला, ती वेगळीच कहाणी.) तो दोर कापला गेला एका छोट्या चाकूनं. ताणलेल्या दोराला पात्याचा स्पर्श पुरतो, तिथे लांबीचा काही संबंध नसतो. दुसरी गोष्ट २००३ ची. अमेरिकेतल्या युटा राज्यात एका अरुंद घळीत आरन राल्स्टनचा हात धोंड्याखाली अडकला. पाच दिवसांनंतर त्यानं स्वतःचा हात कापून सुटका करून घेतली. त्याच्याजवळ एक स्वस्तातलं बहुउपयोगी हत्यार होतं, पातं जेमतेम दोन इंचांचं. त्याचे हाल झाले ते पातं लहान होतं म्हणून नाही. आधी त्याच पात्यानं दगड फोडायचा प्रयत्न केल्यामुळे ते बोथट झालं होतं, म्हणून.

आता आपल्या सह्याद्रीत येऊ. इथे चाकूचं काम काय? कांदा, काकडी, टोमॅटो. पिशवीचं तोंड, दोरीचं टोक, बँडेजची पट्टी. चुलीसाठी लाकूड तोडायचं नसतं, खाली पडलेली काटकी उचलायची असते. बिबट्या समोर आला तर चाकू काढणारा माणूस शहाणा नव्हे. गडांवर माणसं जखमी होतात, कधी जिवानिशी जातात, ती पाय घसरून, उन्हानं, पाण्यावाचून, नाहीतर आग्या मोहोळ उठल्यामुळे. मधमाश्यांवर कुठलं पातं चालवणार?

राहिला साप. इथे एका जुन्या गैरसमजाचा हिशेब चुकता करायला हवा. दंशाच्या जागी चीर देऊन रक्त काढायचं, हे आपल्याकडे अजून कित्येकांना माहीत असतं. हे फक्त गावठी अज्ञान नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर लॉडर ब्रंटन या नामवंत ब्रिटिश डॉक्टरनं सर्पदंशासाठी एक खास नश्तर तयार केलं होतं. बोटभर लांबीची लाकडी नळी, एका टोकाला बारीक पातं, दुसऱ्या टोकाला पोटॅशियम परमँगनेटची पूड. चीर द्या आणि पूड चोळा. ही नश्तरं हिंदुस्थानात वाटली गेली. पुढे कळलं की त्यानं विष उतरत नाही, उलट जखम चिघळते आणि रक्तस्राव वाढतो. आज कुठलाही डॉक्टर सांगेल, कापू नका, आवळून बांधू नका, माणसाला हलवू नका आणि लवकरात लवकर दवाखाना गाठा. परळच्या हाफकिनची प्रतिसर्पविषाची कुपी मोलाची, तिथे चाकूचं काम नाही.

म्हणजे तीन इंचांचं, घडी होणारं, धार असलेलं पातं. माझं मत विचाराल तर त्यापुढचं सगळं ओझं आहे.

पण मग सह्याद्रीत राहणारी माणसं कोयता का बाळगतात? प्रश्न रास्त आहे. मावळात आणि कोकणात कातकरी, ठाकर, महादेव कोळी, धनगर यांच्या कमरेला मागच्या बाजूला लाकडाची एक आकडी बांधलेली असते. तिच्या खाचेत कोयता अडकवलेला. हात मोकळे, चढताना अडचण नाही आणि हात मागे नेला की मूठ हातात. म्यान नाही, बटण नाही, चामड्याचा पट्टा नाही. या कोयत्याचं पातं चांगलं रुंद, पाठीला जाड, टोकाशी वळलेलं. जाडीमुळे त्याला वजन येतं आणि तो कुऱ्हाडीचंही काम करतो. कारवी कापायची, कुडाच्या भिंती करायच्या, शेळ्यांना पाला पाडायचा, वाट मोकळी करायची, नारळ सोलायचा. तो मोठा आहे कारण त्याच्यावर घर चालतं. जो रानात राहतो त्याला मोठं पातं लागतं. जो एका दिवसापुरता जातो त्याला ते लागत नाही. आपल्याकडे नेमका एका दिवसाचा पाहुणाच सगळ्यांत झगझगीत पातं घेऊन येतो.

शिवकाळाचं नाव घेऊन मोठ्या चाकूचं समर्थन करणारेही भेटतात. त्यांच्यासाठी सांगतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जी भेट झाली, तिच्यात वापरलेली म्हणून जी हत्यारं सांगितली जातात ती बिचवा आणि वाघनखं, म्हणजे त्या काळातल्या सगळ्यांत लहान हत्यारांपैकी. ती लहान होती कारण लपवायची होती. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून जी वाघनखं तीन वर्षांसाठी साताऱ्याला आली, ती ग्रँट डफच्या घराण्याकडून त्या संग्रहालयाकडे गेलेली. त्यांच्या डबीवरच्या मजकुरात अफजलखानाला मोगल सरदार म्हटलं आहे. खान विजापूरच्या आदिलशाहीचा होता, हे शाळेतला मुलगाही सांगेल. हीच ती वाघनखं याची खातरी देता येत नाही, असं खुद्द संग्रहालयच म्हणतं. तर ते असो. आणि स्वराज्यात रोज सगळ्यांत जास्त चालणारं पातं कुठलं असेल, असं मला विचाराल तर मी बोरू तासायच्या चाकूचं नाव घेईन. फारसीत त्याला कलमतराश म्हणतात. बाळाजी आवजी चिटणीसांच्या हाताशी तो असणार आणि महाराजांचा फारसी पत्रव्यवहार पाहणाऱ्या काझी हैदरच्या कलमदानातही असणार. राज्याचा कारभार त्या दोन इंचांवर चालत होता.

पात्याची लांबी मोजायला सुरुवात केली ती इंग्रजांनी. रानातल्या गरजेशी तिचा काही संबंध नव्हता. प्रश्न भीतीचा होता. १८५७ च्या उठावानंतर सरकारनं लोकांकडून हत्यारं काढून घ्यायचा कायदा केला. दक्षिण महाराष्ट्राच्या सीमेवर त्याचा पहिला भडका हलगलीला उडाला. मुधोळच्या घोरपडे संस्थानातलं हे गाव, आज कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथले बेडर शिकारी. भाला, तलवार, बंदूक हे त्यांचं पोट आणि त्यांची इज्जत. नोव्हेंबर १८५७ मध्ये त्यांनी हत्यारं द्यायला नकार दिला. इंग्रजी फौज आली, गाव जाळलं, कित्येकांना फाशी दिलं. हलगलीच्या बेडरांची कन्नड लावणी अजूनही गायली जाते. 'रानातल्या माणसाला किती हत्यार लागतं' हा प्रश्न आपल्या भागात असा विचारला गेला आणि उत्तर रानातल्या माणसानं द्यायचं नव्हतंच.

मग आला १८७८ चा हत्यारांचा कायदा. व्हाइसरॉय लिटनचा. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधणारा कायदाही त्याच वर्षीचा, हा योगायोग म्हणता येणार नाही. या कायद्यानं बंदुकीच्या जोडीला तलवार, कट्यार, भाला, धनुष्यबाण हेही 'हत्यार' ठरवले आणि परवान्याशिवाय बाळगायला बंदी घातली. युरोपियन माणसाला त्यातून सूट होती. कायदा होऊन वर्ष होतं न होतं तोच फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशी, कोळी साथीदारांना घेऊन पुण्याच्या परिसरात बंड केलं. गंज पेठेतल्या लहुजी वस्ताद साळव्यांची तालीम स्वारगेटपासून हाकेच्या अंतरावर. दांडपट्टा शिकवणारे लहुजी आणि त्यांचे शागीर्द स्वारगेटलगतच्या गुलटेकडीच्या रानात सराव करत, अशी आठवण पुण्यात सांगितली जाते. त्या टेकडीवर आज मार्केट यार्डाच्या ट्रकांची रांग असते.

राष्ट्रीय सभेनं या कायद्याला सुरुवातीपासून विरोध केला. १९३१ च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. पण स्वातंत्र्य आल्यावर, डिसेंबर १९४८ मध्ये, घटना समितीत एच. व्ही. कामतांनी तो हक्क घटनेत घालायची दुरुस्ती मांडली तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. फाळणीच्या कत्तली नुकत्याच घडलेल्या. मला तो विरोध योग्य वाटतो. आपल्या घटनेनं जमण्याचा हक्क दिला तोही शांततेनं आणि शस्त्राविना.

आजचा शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या नियमांत ती प्रसिद्ध मोजपट्टी आहे. पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असेल आणि ते घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेलं नसेल, तर ते परवान्याच्या यादीत जातं. केंद्र सरकारनं अधिसूचना काढलेल्या भागात ते विनापरवाना बाळगता येत नाही. यावरून ट्रेकवाल्यांमध्ये एक समज पसरला आहे की साडेआठ इंचांचा चाकू म्हणजे पूर्ण मोकळीक. तसं नाही. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या, कलम ३७ खाली पोलीस मनाई आदेश काढतात. त्या कलमात चाकू आणि काठीसुद्धा आहे, इंचांचा उल्लेख नाही. सणासुदीला, निवडणुकीत, मोर्च्यांच्या दिवसांत असे आदेश शहरात निघतच असतात.

आणि खऱ्या जंगलाचा कायदा तर याहून कडक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३१ नुसार अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरता येत नाही आणि त्या कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत 'चाकू' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. लांबीची अट नाही. भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे, कळसूबाई-हरिश्चंद्रगड १९८६ पासून. म्हणजे ज्या जंगलाच्या नावानं चाकू विकला जातो, नेमका त्या जंगलातच तो न्यायचा नाही. ही गोष्ट चाकूच्या जाहिरातीत कुठे लिहिलेली मला आढळली नाही.

या सगळ्या कायद्यांत एक फट आहे. 'घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी' हे शब्द. मराठी घरातलं सगळ्यांत मोठं पातं विळीचं, पण विळीला कुणी हत्यार म्हणत नाही. (तिथे पातं बसून राहतं आणि भाजी पात्याकडे जाते, हेही असेल.) कोयता शेतीचा, सत्तूर खाटकाच्या धंद्याचा. पण पुण्यात कोयते नाचवणाऱ्या टोळक्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा २०२३ च्या सुरुवातीला कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्या, अशा सूचना दुकानदारांना दिल्याच्या बातम्या आल्या. वस्तू तीच राहिली. बदलला तो तिच्याकडे पाहणाऱ्याचा संशय. मग प्रश्न उरतो की हातात काय आहे हे पाहायचं की हात कुणाचा आहे हे?

याचाही इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं माणसाचा गुन्हा त्याच्या जन्माशी बांधला. मुंबई इलाख्यात तो विसाव्या शतकात लागू झाला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसं तारेच्या कुंपणात ठेवली गेली. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा कितीतरी जमातींच्या माणसाजवळ विळा सापडला तर तो विळा राहत नसे, पुरावा होत असे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. नजर गेली असं म्हणायला मी धजत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही सातजण एका किल्ल्यावर निघालो होतो. वाटेत एका चौकीवर गाडी थांबवून सामान बघितलं गेलं. आमच्यातल्या एकाजवळ फूटभर लांबीचा चाकू होता. शिपायानं तो म्यानातून काढून उन्हात फिरवून पाहिला, किंमत विचारली, 'भारी आहे' म्हणाला. माझ्या सॅकमध्ये वडिलांचा घडीचा चाकू होता, सफरचंद सोलायचा. त्याआधी ओळखपत्रं बघून झाली होती. मला नाव पुन्हा विचारलं गेलं, मग गाव, मग धंदा, मग हा चाकू कशाला. दहा मिनिटांत सुटलो. त्रास असा काही झाला नाही. मित्रांनी गाडीत विषय बदलला. माझ्यापुरतं मात्र तीन इंच फूटभराहून लांब ठरले होते.

आता त्या ओत्झीच्या शिंगाच्या टोकाकडे येऊ. धारेकडे.

महाराष्ट्रातल्या मुसलमानांत धंद्यावरून पडलेली आडनावं भरपूर आहेत. तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी, मणेर, मुलाणी. त्यातलंच एक शिकलगार. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, कुठेही जा, एखादं शिकलगाराचं घर सापडेल. मूळ शब्द अरबी 'सैकल', म्हणजे घासून चकाकी आणणं, आणि त्याला फारसी 'गर' हा प्रत्यय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत हे लोक 'सैकलगर' म्हणून नोंदलेले आहेत. पूर्वी आरसे धातूचे असत आणि तेही सैकलगरच घासून द्यायचा. म्हणून सूफींच्या बोलण्यात दिलाच्या आरशाला सैकल करण्याची उपमा वारंवार येते. तलवार घासणारा कारागीर असा थेट खानकाहीत पोचला.

कामाची वाटणी स्पष्ट होती. लोहार किंवा गावोगाव फिरणारा घिसाडी पातं घडवतो आणि पाणी देतो, शिकलगार त्याला धार देतो. दख्खनमध्ये युरोपातून आलेली पाती, ज्यांना फिरंग म्हणत, इथल्या मुठी बसवून वापरली जायची. गंज उतरवायचा, कड सरळ करायची, विटेची पूड आणि तेल लावून पातं उजळायचं आणि शेवटी धार. धारेचं चाक असायचं लाखेत कालवलेल्या कुरुंदाच्या पुडीचं. कुरुंद हा आपल्याकडचाच दगड, हिऱ्याखालोखाल कठीण पदार्थांत मोडणारा. इंग्रजीत त्याचं जे नाव आहे तेही इकडूनच गेलं. चाक फिरवायला एक माणूस पट्टा ओढायचा, दुसरा पातं धरायचा. फौजेचा तळ जिथे, तिथे शिकलगार. निजामशाही असो, आदिलशाही असो, मराठे असोत, पातं सगळ्यांचंच बोथट होतं.

१८५७ आणि १८७८ नं या माणसाचं काय झालं असेल ते उघड आहे. हत्यारंच गेली तर हत्यारं घासणारा खाणार काय? इतिहासाच्या पुस्तकात संस्थानिकांच्या तोफा किती जप्त झाल्या ते मिळतं, शिकलगाराची चूल कशी विझली ते मिळत नाही. त्यानं चाक उचललं आणि गल्लीत आला. तलवारीच्या जागी कात्री, कट्यारीच्या जागी अडकित्ता, विळी, सुरी, न्हाव्याचा वस्तरा. पुढे चाक सायकलवर चढलं. सायकल स्टँडवर लावायची, पायडल मारायचं, पुढे बांधलेला धारेचा दगड फिरतो. 'धार लावायचीऽऽ, कात्री-सुरीऽऽ' ही आरोळी पुण्याच्या पेठांमध्ये वाढलेल्या कुणाच्याही कानात असेल. राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत 'शिक्कलगार' असं नाव आहे आणि पुढे कंसात 'कटारी'. कट्यार हातातून गेली, कंसात उरली. शीख धर्मातलेही शिकलकरी आहेत, गुरूंच्या फौजेसाठी हत्यारं घडवणाऱ्यांची परंपरा सांगणारे. पुण्यातही त्यांची वस्ती आहे. त्यांच्यातल्या चार पोरांनी गुन्हा केला की बातमीत टोळीला जमातीचंच नाव मिळतं, बाकीच्या टोळ्यांना पुढाऱ्याचं मिळतं.

या धंद्याचे दोन मोसम. एक खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारागीर आपापली अवजारं पुजतात, त्याआधी ती घासूनपुसून, धार लावून घेतात. दुसरा बकरी ईद. कुर्बानीचं पातं धारदार असावं, जनावराला यातना होऊ नयेत आणि त्याच्यासमोर पातं परजू नये, ही पैगंबरांची शिकवण आहे. म्हणून ईदेच्या आदल्या आठवड्यात कसाई आणि घरोघरचे लोक सुऱ्या घेऊन रांग लावतात. एकाच चाकावर पाठोपाठ दोन्ही सणांच्या ठिणग्या उडतात.

उत्तर प्रदेशातल्या रामपूरची गोष्ट इथे आठवते. तिथला खटक्याचा चाकू सिनेमानं इतका बदनाम आणि इतका प्रसिद्ध केला की 'रामपुरी' हा सामान्य शब्द होऊन गेला. कारागिरांची दुकानं मात्र एकेक करून बंद पडत गेली. २०२३ मध्ये तिथल्या चौकात सहा मीटरहून लांब चाकू उभारला गेला. कारागीर संपत आला की स्मारक उभं राहतं, आणि स्मारकाला धार लावावी लागत नाही.

शिकलगार पातं कसं पाहतो ते जवळून बघण्यासारखं असतं. लांबी तो मोजत नाही. आधी पाठीवरून नजर टाकून पातं सरळ आहे का ते बघतो. मग अंगठ्याच्या नखावर कड अलगद टेकवतो. घसरली तर बोथट, रुतली तर धार. चाकावर धरताना तो दर थोड्या वेळानं पातं पाण्यात बुडवतो, कारण जास्त तापून निळं पडलं तर लोहारानं दिलेलं पाणी उतरतं आणि मग कितीही घासा, धार टिकत नाही. त्या काळ्या, दातेरी चाकूंची अडचण इथे येते. करवतीच्या दातांना हे चाक लागत नाही. पुष्कळदा पोलादही इतकं मऊ असतं की लावलेली धार दोन टोमॅटोंत जाते. घरातली दहा वर्षं जुनी, झिजून निमुळती झालेली सुरी त्याच चाकावर दोन मिनिटांत कागद कापायला लागते.

हल्ली सायकलही कमी दिसते. विजेच्या मोटरवरचं चाक आलं, मॉलमध्ये धार लावायची घरगुती यंत्रं आली आणि स्टीलच्या स्वस्त सुऱ्या अशा झाल्या की धार लावण्यापेक्षा नवी घेणं परवडतं. शिकलगारांची मुलं फॅब्रिकेशनच्या कामात, गॅरेजमध्ये, लेथ मशीनवर गेली, काही शिकून नोकरीला लागली. जे अजून फिरतात ते बहुतेक वयस्क आहेत. सकाळी लवकर निघतात, कारण मटणाच्या दुकानांची आणि शिंप्यांची धार उघडण्याआधी व्हावी लागते.